शेवटच्या वर्षाचा प्रकल्प : मुलाचा की आईबापाचा?

अमेरिकेत बारावीच्या विद्यार्थ्याला 'सीनियर' म्हणतात. नववी ते बारावी असे चार वर्षांचे हायस्कूल आणि शेवटी मे-जूनमध्ये झगा आणि चौकोनी टोपी घालून होणारा निरोपाचा समारंभ. ज्यांचे भाऊ, बहिणी, लेकी नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेल्या आहेत त्यांनी भाच्या-नातवंडांचे हे फोटो पाहिलेच असतील. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्या टोपीच्या आधीचे वर्ष. तिथल्या पुष्कळ शाळांत नुसते सगळ्या विषयांत पास होऊन भागत नाही. विद्यार्थ्याने स्वतः एक विषय निवडायचा, त्यावर कित्येक महिने काम करायचे आणि शेवटी चार मोठ्या माणसांसमोर उभे राहून ते काम समजावून द्यायचे. कुठे याला सीनियर प्रोजेक्ट म्हणतात, कुठे कॅपस्टोन, कुठे कल्मिनेटिंग प्रोजेक्ट. आपण त्याला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणू.

ही साऱ्या देशाची सक्ती नव्हे. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा आणि त्याखालच्या शालेय जिल्ह्यांचा विषय आहे. त्यामुळे एका शाळेत हा प्रकल्प केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही, आणि शेजारच्या गावातल्या शाळेत त्याचे नावही नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, सातासमुद्रापलीकडच्या शाळांची ही चौकशी आपण कशासाठी करायची, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. अकरावी-बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाची वही आपल्याही घरात येते. ती रात्री जागून कोण लिहितो, चित्रे कोण चिकटवतो आणि छापील मजकूर कोणत्या दुकानातून येतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. काम मुलाचे की घराचे, हा प्रश्न तिकडेही पडला. त्याचे उत्तर काही शाळांनी चांगले दिले, काहींनी वाईट. दोन्हींतून आपल्याला शिकता येण्यासारखे आहे.

प्रकल्प म्हणजे नेमके काय?

या प्रकल्पाचे साधारणपणे तीन भाग असतात. पहिला, अभ्यास करून लिहिलेला निबंध. दुसरा, हाताने किंवा अंगमेहनतीने केलेले काहीतरी : एखादी वस्तू, नाटक, सेवेचे काम, एखाद्या धंद्यातली उमेदवारी. तिसरा, परीक्षक मंडळासमोर दहा-पंधरा मिनिटांचे निवेदन आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरे. याशिवाय विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शोधावा लागतो, शक्यतो शाळेबाहेरचा, त्या कामातला जाणकार. कोणत्या दिवशी किती तास काय केले याची नोंदवही ठेवावी लागते. या ठरावीक आराखड्याचा प्रसार १९८० च्या दशकात ऑरेगन राज्यातल्या मेडफर्ड गावाच्या एका हायस्कूलपासून झाला.

एक उदाहरण कल्पून पाहू. न्यूयॉर्कमधल्या जुन्या इमारतीत राहणारी एक मुलगी आहे. तिला विषय विचारला तर ती आधी म्हणेल, 'प्रदूषण'. हा विषय नव्हे, हा समुद्र झाला. शिक्षक विचारतील, कशाचे प्रदूषण? ती म्हणेल, पाण्याचे. कुठल्या पाण्याचे? आमच्या नळाच्या. नळाच्या पाण्यात काय असेल अशी तुला शंका आहे? असे करत करत प्रश्न येऊन ठेपतो तो असा : 'आमच्या इमारतीच्या नळांना शिसे येते काय, आणि रात्रभर नळात साचलेल्या सकाळच्या पहिल्या पाण्यात ते अधिक असते काय?' आता हा अभ्यासाचा प्रश्न झाला. शिशाचे नवे नळ बसवायला अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने बंदी आली, पण जमिनीखाली आणि भिंतींत राहिलेले जुने नळ तसेच होते. न्यूयॉर्क शहरात रहिवाशाने मागणी केली तर पाणी तपासण्याचा संच महापालिका फुकट देते. म्हणजे पैशाची अडचण नाही. दहा शेजाऱ्यांना समजावून दहा घरांतले नमुने घ्यायचे. इमारतीतच एखादा प्लंबर राहत असेल तर तोच मार्गदर्शक. निकाल आले की शेजाऱ्यांसाठी इंग्रजी आणि स्पॅनिश भाषेत एक साधे पत्रक काढायचे. मग मंडळासमोर उभे राहायचे. तिथे कोणीतरी विचारणारच, 'दहाच घरे का घेतलीस? वरच्या मजल्याची किती, खालच्या मजल्याची किती? तुझे म्हणणे खोटे ठरले असते तर तू काय केले असतेस?'

जिने स्वतः जिने चढून बाटल्या गोळा केल्या आहेत तिला या प्रश्नांची उत्तरे येतात. जिच्यासाठी दुसऱ्याने काम केले आहे ती इथे गप्प होते. प्रकल्पाचा खरा प्राण या प्रश्नोत्तरांत आहे. छापील पाने आणि रंगीत चित्रे त्यानंतर येतात.

ही कल्पना आली कुठून?

करून शिकावे, हा विचार अमेरिकेत रुजवणाऱ्यांत जॉन ड्युई हे नाव मोठे आहे. १८९६ साली त्यांनी शिकागो येथे प्रयोगशाळा म्हणूनच एक शाळा काढली. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. त्यांचेच विद्यार्थी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली 'प्रकल्प पद्धती' या नावाचा निबंध प्रसिद्ध केला. मूल मनापासून एखादा हेतू धरून काम करते तेव्हाच ते खरे शिकते, असे त्याचे सार होते. शाळेच्या भाषेत 'प्रोजेक्ट' हा शब्द जगभर पसरला तो मुख्यतः त्यानंतर.

याच ड्युईंच्या वर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले होते. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबियात होते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींची उत्पत्ती आणि घडण यांवर आपला निबंध वाचला. ती हायस्कूलची गोष्ट नव्हे, विद्यापीठाची आहे. पण आपल्या विषयाला लागू पडणारी एक बाब तिच्यात आहे. ज्या प्रश्नाचे चटके स्वतःला बसले, तोच प्रश्न त्यांनी अभ्यासाचा विषय केला, त्यासाठी पुरावे गोळा केले आणि जाणकारांसमोर मांडला. विषय स्वतःचा असणे म्हणजे काय, हे यावरून कळावे.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षासाठी ही कल्पना पुन्हा जोरात मांडली ती मॉरिस गिबन्स या कॅनडातल्या शिक्षणतज्ज्ञाने, १९७४ साली. त्याने 'वॉकअबाउट' नावाचा एक चित्रपट पाहिला होता. त्यात ऑस्ट्रेलियाचा एक आदिवासी मुलगा एकटाच रानातून भटकंती करतो, शिकार करतो, पाणी शोधतो. ती त्याची मोठे होण्याची परीक्षा असते. गिबन्सला प्रश्न पडला, आपल्या मुलांची अशी परीक्षा कोणती? बाकावर बसून सोडवलेला पेपर? त्याने पाच आव्हाने सुचवली : साहस, नवनिर्मिती, समाजसेवा, हाताचे कसब आणि तर्कशुद्ध शोध. प्रत्येकात मुलाने स्वतः ठरवलेले काहीतरी करून दाखवायचे. कोलोराडो राज्यातल्या जेफरसन काउंटी ओपन स्कूलने या कल्पनेवर आपले सारे हायस्कूल उभारले.

१९८४ साली टेड सायझर यांनी हायस्कुलांच्या दुखण्यावर एक गाजलेले पुस्तक लिहिले आणि समविचारी शाळांची संघटना काढली. तास भरले म्हणून डिप्लोमा देऊ नका, मुलाला काय येते ते त्याने चारचौघांत दाखवावे आणि मग द्या, असा त्यांचा आग्रह होता. ही कल्पना कसाला लागली ती गरिबांच्या एका शाळेत.

ईस्ट हार्लेमची शाळा

न्यूयॉर्कचा ईस्ट हार्लेम हा भाग तेव्हा गरिबीसाठी ओळखला जाई. वस्ती मुख्यतः काळ्या आणि स्पॅनिशभाषक कष्टकऱ्यांची. तिथे १९८५ साली डेबोरा मायर या शिक्षिकेने सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूल ही सरकारी शाळा काढली. सातवी ते बारावीची मुले. इथे डिप्लोमा मिळवायचा तर चौदा विषयांतले काम संग्रहित करावे लागे. त्यांपैकी सात कामे पदवी समितीसमोर तोंडी मांडून त्यांचा बचाव करावा लागे. समितीत शिक्षक असत, विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला एक मोठा माणूस असे, आणि शाळेतलाच एक धाकटा विद्यार्थीही असे. त्या धाकट्याला आपली पाळी कशी येणार आहे हे आधीच कळे.

मायरबाईंच्या शाळेत पाच प्रश्नांची सवय लावली जाई. हे तुला कशावरून कळले? हे कोणाच्या नजरेतून सांगितले आहे? याचा दुसऱ्या कशाशी संबंध आहे? असे नसते आणि वेगळे असते तर? आणि शेवटचा, याचे महत्त्व काय, कोणाला याची पर्वा? गणित असो, इतिहास असो, प्रश्न हेच. हे पाच प्रश्न आपण घरी कागदावर लिहून भिंतीला लावले तरी चालतील. वर्तमानपत्र वाचताना ते उपयोगी पडतील आणि पुढाऱ्याचे भाषण ऐकतानाही.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या शाळेने मुलांकडून मोठे काम मागितले, पण त्याआधी स्वतः काहीतरी दिले. शाळा लहान ठेवली. प्रत्येक शिक्षकाकडे सुमारे पंधरा मुलांचा गट दिला. आठवड्यातले काही तास तो गट त्या शिक्षकाबरोबर बसे, आणि तोच शिक्षक दोन वर्षे त्या मुलांच्या पाठीशी राही. वाचनाला, लिहायला, चुका दुरुस्त करायला शाळेच्या वेळातच वेळ मिळे. पहिल्या खेपेला समितीने काम परत केले तर ते सुधारून पुन्हा आणता येई. नापासाचा शिक्का बसत नसे. 'अजून झालेले नाही' एवढेच सांगितले जाई. ज्या मुलांच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते त्यांनीही पानेच्या पाने लिहून काढली आणि परक्या माणसांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडले.

मायरबाई १९९० च्या दशकाच्या मध्याला शाळा सोडून बॉस्टनला गेल्या. पुढे ती शाळा तशी राहिली नाही. पण तिची रीत न्यूयॉर्कमध्ये इतरत्र टिकली. तिथल्या तीसहून अधिक सरकारी शाळांच्या एका संघाने राज्याच्या बहुतेक लेखी परीक्षांतून सूट मिळवली. त्यांऐवजी विद्यार्थ्याला चार मोठी कामे करावी लागतात : साहित्यकृतीवर निबंध, समाजशास्त्राचा शोधनिबंध, विज्ञानाचा प्रयोग आणि गणिताचा प्रत्यक्ष वापर. प्रत्येकाचा तोंडी बचाव असतोच.

वॉशिंग्टन राज्याने काय केले?

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्य आहे. सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड ही गावे त्यातलीच. संगणकाच्या कामासाठी गेलेली मराठी कुटुंबेही तिथे पुष्कळ आहेत. या राज्याने २००८ साली उत्तीर्ण होणाऱ्या तुकडीपासून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प साऱ्या सरकारी हायस्कुलांना सक्तीचा केला. हेतू उत्तम होता. पण प्रकल्प केवढा असावा, किती तासांचा असावा आणि तो कोणी तपासावा, हे प्रत्येक शालेय जिल्ह्यावर सोडले. २०१४ साली राज्याच्या कायदेमंडळाने डिप्लोम्याचे नियम बदलले, आवश्यक श्रेयांकांची संख्या चोवीसवर नेली आणि प्रकल्पाची सक्ती २०१५ च्या तुकडीपासून काढून टाकली. ज्या जिल्ह्याला तो ठेवायचा असेल त्याने ठेवावा, एवढेच उरले.

म्हणजे एकच कल्पना. ईस्ट हार्लेमसारख्या गरीब वस्तीत ती शाळेचा कणा झाली, आणि एका मोठ्या राज्यात सात-आठ वर्षांत कायद्याच्या पुस्तकातून पुसली गेली. याचा अर्थ प्रकल्प वाईट असा होत नाही. माझे म्हणणे असे : जिथे मागण्याआधी देणे होते तिथे प्रकल्प तगतो, जिथे नुसता नियम येतो तिथे तो कागद भरण्याचे काम होऊन बसतो.

नुसत्या नियमाने काय होते ते पाहा. शाळा सांगते, मार्गदर्शक शोधा. ज्या मुलाची आई डॉक्टर आहे, काका वकील आहेत, शेजारी प्राध्यापक आहेत, त्याला मार्गदर्शक जेवणाच्या टेबलावरच सापडतो. ज्या मुलीची आई रात्रपाळीला हॉटेलच्या खोल्या झाडते, तिने कोणाला फोन करायचा? शाळा सांगते, इतके तास बाहेर काम करा. ज्याच्या घरी मोटार आहे त्याला ते सोपे. ज्या मुलाला शाळा सुटल्यावर दुकानात नोकरी करून घरभाड्याला हातभार लावायचा आहे, त्याने ते तास कोठून आणायचे? शाळा सांगते, सुबक निवेदन करा. पैसेवाल्याच्या घरी छपाई होते, सजावट होते, मुलाची पाठांतरे होतात. सगळ्यांना नियम एकच, म्हणून तो समान वाटतो. प्रत्यक्षात ती घराची परीक्षा होते आणि गुण मुलाच्या नावावर लागतात.

म्हणून प्रकल्प काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो गेल्यावर उरतो फक्त लेखी पेपर, आणि पेपरातही शिकवणीवाल्याचे पोर पुढे असतेच. उपाय आहे तो शाळेने दोन गोष्टी देण्याचा : वेळ आणि माणूस. वेळापत्रकात प्रकल्पाचा तास असावा. मार्गदर्शक शोधून देण्याची जबाबदारी शाळेची असावी. ज्याला शाळेबाहेर जाणे शक्य नाही त्याच्या नोकरीतूनच प्रकल्प निघू द्यावा. दुकानात काम करणाऱ्या मुलाने 'आमच्या दुकानात रोज किती भाजी फेकली जाते आणि का' यावर तीन महिने नोंद ठेवली, तर त्यासारखा अभ्यास दुसरा नाही.

दोन मोजमापे

ही वेळेची आणि माणसाची गोष्ट इतर ठिकाणी कशी बसवली आहे तेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी ऐच्छिक 'एक्स्टेंडेड प्रोजेक्ट' आहे. त्याचे मोल एका ए-लेव्हल विषयाच्या निम्मे धरतात. त्यासाठी सुमारे १२० तास धरलेले असतात. तिथल्या एका मोठ्या परीक्षा मंडळाच्या आखणीत त्यांपैकी ३० तास शिकवण्याचे आणि ९० तास मुलाच्या स्वतःच्या कामाचे आहेत. संदर्भ कसे शोधायचे, नोंद कशी ठेवायची, दुसऱ्याचे वाक्य घेतले तर ते कबूल कसे करायचे, हे त्या ३० तासांत शिकवले जाते. नुसते 'करून आणा' असे म्हणत नाहीत.

दुसरे मोजमाप आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमाचे. ही संस्था १९६८ साली जिनेव्हात निघाली. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळांत हा अभ्यासक्रम चालतो. डिप्लोमासाठी त्यात जास्तीत जास्त ४,००० शब्दांचा एक निबंध मुलाने स्वतःच्या प्रश्नावर लिहायचा असतो. शिक्षकाने त्याला एकूण तीन ते पाच तास द्यावेत अशी अपेक्षा असते, आणि शेवटी दोघांची एक छोटी तोंडी मुलाखत होते. महागड्या शाळेतही शिक्षकाचे तास मोजून लिहून ठेवावे लागतात. मग साध्या शाळेत ते आपोआप मिळतील असे समजून कसे चालेल?

तोंडी मुलाखतीचे महत्त्व तर आता दुप्पट झाले आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून निबंध लिहून देणारे यंत्र पोराच्या खिशातल्या फोनमध्ये आले. पूर्वी दुकानात पैसे मोजून प्रकल्प मिळे, आता फुकट मिळतो. कागदावरचे काम कोणाचे हे नुसता कागद पाहून सांगता येईनासे झाले. पण 'तू हे का केलेस, कुठे अडलीस, मग काय केलेस' या प्रश्नांना समोरासमोर उत्तर द्यायचे तर काम स्वतःच केलेले असावे लागते.

घरच्या माणसांनी काय करावे?

परदेशात असोत की इथे, आईवडिलांचे काम बारीक पण नाजूक आहे. पहिली गोष्ट, विषय तुम्ही देऊ नका. मुलाला विचारा, तुला कशाचा राग येतो, कशाचे नवल वाटते, कशाची भीती वाटते? विषय तिथेच दडलेला असतो. आपल्या नाल्याला पावसाळ्यात पाणी का भरते, वस्तीतल्या बायकांना पाण्यासाठी किती वेळ उभे राहावे लागते, आजीच्या काळी कोणती भाजी होती जी आज बाजारात मिळत नाही, असले प्रश्न छापील प्रकल्पात सापडत नाहीत, म्हणूनच ते चांगले.

दुसरी गोष्ट, प्रश्न लहान करायला मदत करा. 'पाण्याचे प्रदूषण' हा विषय दुकानात मिळतो. 'आमच्या गल्लीतल्या वीस घरांत पाणी कसे साठवतात' हा मिळत नाही.

तिसरी गोष्ट, माणूस शोधून द्या, पण उत्तर देऊ नका. आणि माणूस म्हणजे पदवीधरच हवा असे नाही. शिवणयंत्र दुरुस्त करणारा, दवाखान्यातली नर्स, पोस्टमन, शेतात पन्नास पावसाळे काढलेले आजोबा, अंगणवाडीची ताई, हे सगळे आपापल्या कामातले तज्ज्ञच आहेत. आपल्या घरात शिकलेले कोणी नाही म्हणून मूल मागे, असे मनातून काढून टाका. शिकलेले नसेल, पण जाणते कोणीतरी असतेच.

चौथी गोष्ट, वही रोजची ठेवायला लावा. तारीख, वेळ, काय पाहिले, कुठे चुकले. अक्षर वाईट असले तरी चालेल, पान डागाळलेले असले तरी चालेल. काम खरे झाल्याची ती साक्ष असते.

पाचवी गोष्ट, वेळ द्या. हे सगळ्यात कठीण. विशेषतः मुलींच्या बाबतीत. मुलगा अभ्यासाला बसला की घर दबक्या पावलांनी चालते. मुलगी बसली की दोनदा चहाला उठवतो. प्रकल्पाच्या महिन्यांत तरी तिच्या वाटणीचे काम घरातल्या पुरुषांनी उचलावे.

सहावी गोष्ट, घरीच एक समिती भरवा. आत्या, मामा, शेजारच्या काकू, धाकटा भाऊ, अशी चार माणसे बसवा आणि मुलाला उभे करून बोलायला सांगा. त्याला शाबासकी द्याच, पण प्रश्नही विचारा. कशावरून? कोणी सांगितले? उलटे असते तर? धाकट्या भावाला तर आवर्जून बसवा. उद्या त्याला उभे राहायचे आहे.

आणि शाळेच्या पालकसभेत एक गोष्ट न लाजता विचारा : 'या प्रकल्पासाठी शाळा आमच्या मुलांना किती तास आणि कोणता शिक्षक देणार?' हा प्रश्न एकट्याने विचारला तर तक्रार वाटते. दहा पालकांनी विचारला तर शाळेला उत्तर द्यावे लागते.

गुणपत्रिकेत प्रकल्पाचे गुण थोडेच असतात, म्हणून आपण ते काम उरकून टाकतो. पण शाळा सुटल्यावर माणसाला आयुष्यभर तेच करावे लागते. प्रश्न स्वतः शोधायचा, माहिती स्वतः गोळा करायची, आणि समोर साहेब असो की सरपंच, न घाबरता आपले म्हणणे पुराव्यासह मांडायचे. ज्या मुलाने सतराव्या वर्षी चार माणसांसमोर हे एकदा केले, त्याला पुढे कचेरीच्या खिडकीशी उभे राहताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. तेव्हा या वर्षी वही विकत आणाल ती कोरी आणा.